डावी बाजू वरीलप्रमाणे

ऑर्व्हिल स्टँचिकसमोर ‘साधारण’ हा शब्द काढायची सोय नव्हती. साधारण किती वाजले, साधारण किती मीठ घालू, असं विचारणं त्याच्या बायकोनं, नोरीननं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडून दिलं होतं. चौतीस वर्षं हा माणूस गिअरच्या कारखान्यात तपासणी खात्यात होता. केसाएवढा फरक सापडला की मालाला लाल चिठ्ठी बांधायची, हे त्याचं काम. ती चिठ्ठी बांधताना त्याच्या तोंडावर जो आनंद दिसायचा तो मुलीच्या लग्नातही दिसला नाही, असं नोरीन अजून सांगते.

एकदा हाताखालच्या एका तपासनिसानं वहीत वीस ओळी मोजून भरल्या आणि एकविसाव्या ओळीवर लिहिलं, ‘वरीलप्रमाणे’. ऑर्व्हिलनं त्याला सगळ्या पाळीसमोर उभं केलं.

“वरीलप्रमाणे म्हणजे काय रे? मोजलंस की नाही मोजलंस?”

“सगळे सारखेच येतायत, ऑर्व्ह.”

“सारखे येतायत हे तुला न मोजता कळलं? मग जत्रेत तंबू ठोक आणि लोकांचे हात बघत बस. इथं कशाला आलास?”

त्या दिवसापासून कारखान्यातल्या वहीत तो शब्द पुन्हा कुणी लिहिला नाही. ही हकिगत ऑर्व्हिल स्वतःच रंगवून सांगायचा, दर मोसमात एकदा तरी, आणि ऐकणाऱ्यांना ती पाठ झाली होती.

निवृत्त झाल्यावर हा सगळा जाच त्याच्या गाडीच्या आणि गाडीवाल्यांच्या क्लबच्या वाट्याला आला. गाडी म्हणजे दोन हजार सातची लाल मस्टँग, आठ सिलिंडरची, लांब नाकाची. मिशिगनच्या त्या भागात अशी गाडी घरटी एक सापडते, पण बहुतेकांच्या रविवारी पुसून झाकून ठेवायच्या असतात. ऑर्व्हिलची पळवायची होती. वीस मैलांवर केस्लर रिजचा ट्रॅक होता. वर्षातले सहा शनिवार क्लब तो भाड्यानं घ्यायचा, आणि त्या सहा शनिवारांसाठी ऑर्व्हिल उरलेले दिवस कसेबसे काढायचा.

क्लबात कुणाला नवी चाकं घ्यायची असली की त्याला एकच सल्ला मिळायचा: आधी ऑर्व्हला विचार, मग पेटी फोड. कारण चाक रुंद घेतलं की ते कुठंतरी जाणारच. आत गेलं तर स्प्रिंगला घासणार, बाहेर आलं तर फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, काठाला. किती आत आणि किती बाहेर, हे ऑफसेट नावाच्या एका आकड्यावर ठरतं. तो आकडा चुकला की चाकं कितीही देखणी असोत, भिंतीवर टांगायच्या लायकीची. शिवाय एकदा टायर चढवला की चाक परत घेत नाही कुणी. जुन्या जोड्यासारखं ते तुमचंच होऊन बसतं. म्हणून ऑर्व्हिल प्रत्येकाला नुसतं उघडं चाक घेऊन यायला लावायचा, पुठ्ठ्याचे साचे कापून ब्रेकवर धरायचा, गाडीखाली आडवा व्हायचा आणि तासाभरानं बाहेर येऊन सांगायचा, “बसतं,” किंवा “परत पाठव.” मधलं काही नाही.

ट्रॅकवर जाण्याआधी गाडी तपासायचा जो कागद असतो, तोही त्यानंच लिहिलेला. त्यातलं चौदावं कलम तर त्याचं लाडकं: टायर बॉडीला कुठंही टेकल्याची खूण दिसली, तर गाडी आत सोडू नये. ‘कुठंही’ या शब्दाखाली त्यानं स्वतःच्या हातानं रेघ मारली होती. घासणारा टायर वेगात फाटला की माणूस भिंतीत जातो, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या वर्षी वसंतातच बातमी आली की केस्लर रिज विकला. तिथं मोठी गोदामं होणार होती. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार शेवटचा.

आता ऑर्व्हिलचं एक जुनं दुखणं सांगायला हवं. त्याची त्या ट्रॅकवरची सगळ्यांत चांगली फेरी दोन मिनिटं आणि चार दशांश सेकंदांची. अकरा वर्षं तीच. इंजिन उघडून झालं, ब्रेक बदलून झाले, स्वतःचं वजन चौदा पौंड उतरवून झालं, पण दोन मिनिटांच्या आत काही तो आला नाही. सातव्या वळणातून बाहेर पडताना मागची चाकं सुटायची आणि ते चार दशांश तिथं सांडायचे. साडेनऊ इंची चाकं त्या गाडीला पुरत नव्हती. सगळं समजूनही तो वर्षानुवर्षं ‘पुढच्या मोसमात बघू’ म्हणत राहिला, आणि आता पुढचा मोसमच उरला नव्हता. सदुसष्टाव्या वर्षी दुसऱ्या कुठल्या ट्रॅकशी नव्यानं ओळख काढायची त्याला हौस नव्हती. त्याला ह्याच ट्रॅकवर, ह्याच गाडीत, एकदा तरी दोनच्या आत यायचं होतं. बस्स, एवढंच मागणं होतं.

त्यानं अकरा इंची चाकं घ्यायची ठरवली. तीन आठवडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरलेले. आरे किती फुगीर, पुढच्या ब्रेकला किती जागा, वजन किती, ऑफसेट किती.

“माझ्याशी लग्न ठरवताना तू एवढे दिवस लावले नव्हतेस,” नोरीन म्हणाली.

“तेव्हा माझ्याकडे मोजपट्टी नव्हती.”

शेवटी बावन्न ऑफसेटची राखाडी चाकं मागवली. दहा दिवसांनी पेट्या आल्या, त्यानं उघडून पाहिलं, तर मागच्या दोन चाकांवर आतल्या बाजूला आकडा बेचाळीस. म्हणजे पूर्ण एक सेंटिमीटर बाहेर. ऑर्व्हिलच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं विकणाऱ्याला स्पीकरवर फोन लावला.

“आमचा कॉम्प्युटर म्हणतो ही चाकं तुमच्या गाडीला बसतात,” पलीकडचा माणूस म्हणाला.

“तुमचा कॉम्प्युटर माझ्या गाडीखाली निजला होता का?”

“तसं नाही हो, पण बेचाळीस काय, बावन्न काय, साधारण सारखंच...”

तो शब्द ऐकला मात्र, नोरीननं उठून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. पुढची पंधरा मिनिटं ती बागेत पानं गोळा करत होती.

चाकं परत गेली. दुसरी यायला आणखी अडीच आठवडे गेले. रोज दुपारी ऑर्व्हिल खिडकीशी उभा, टपालाची गाडी गेली की कॅलेंडरवर फुली. कुणी काही बोललं की खेकसायचा. शेवटी शनिवारच्या आधीच्या मंगळवारी पेट्या आल्या, आकडा बावन्न, रंग बरोबर, आणि माणूस इतका खूश झाला की त्यानं त्याच दुपारी आपली जुनी चाकं टायरसकट लॅमर टिब्सला देऊ केली. लॅमरची गाडी त्याच्यासारखीच मस्टँग, फक्त निळी. ऑगस्टमध्ये त्याचं एक चाक ट्रॅकच्या काठावर आपटून वाकलं होतं.

“अरे पण आधी नवी बसतात का ते तरी बघ,” लॅमर म्हणाला.

“मला शिकवतोस? उद्या नवी चढली की घेऊन जा.”

टायर चढवायचं दुकान ट्रूडीचं. गुरुवारपासून ती दुकानाला कुलूप लावून हरणाच्या शिकारीला जाणार होती. दरवर्षी जायची, आणि तिच्या मशीनखेरीज एवढा रुंद टायर चढवणारं गावात कुणी नव्हतं. तिनं बुधवारी दुपारी चारची वेळ दिली. म्हणजे ऑर्व्हिलला मोजायला बुधवारची सकाळ होती.

त्याचं गॅरेज एका गाडीचं. डाव्या भिंतीला नोरीनचा आडवा फ्रीझर, पोराच्या शवपेटीएवढा लांब, पिएरोगींनी, म्हणजे बटाटा भरलेल्या पोलिश करंज्यांनी, आणि हरणाच्या मांसानं भरलेला. गाडी आत घातली की चालकाचं दार जेमतेम उघडायचं आणि डावं मागचं चाक बरोबर फ्रीझरच्या कुशीत यायचं. तिकडून माणूस खाली शिरू शकत नव्हता. हा फ्रीझर तळघरात न्या, असं गेली बारा वर्षं घरात बोललं जात होतं.

ऑर्व्हिलनं गाडी उचलली, उजवीकडची मागची स्प्रिंग काढली, नवं चाक लावलं. टायर नव्हता, म्हणून टायरच्या मापाची प्लायवुडची चकती त्यावर कसली. मग आत जाऊन नोरीनच्या पिएरोगीच्या कणकेतला एक गोळा उचलून आणला.

“अरे, ती रात्रीच्या जेवणाची आहे!”

“गोळाच तर घेतोय.”

तो गोळा त्यानं फेंडरच्या काठाखाली चिकटवला आणि जॅकनं चाक वर, अगदी वर, जितकं ट्रॅकवर दबेल तितकं दाबलं. खाली आणलं, चपटलेली कणीक सोडवली आणि कॅलिपरनं मोजली. अकरा मिलिमीटर. अकरा म्हणजे चैन होती. आत स्प्रिंगच्या बाजूलाही बोट जाईल एवढी जागा. वहीत लिहिलं: उजवी बाजू, अकरा.

आता डावी. त्यासाठी स्प्रिंग परत बसवायची, चाक लावायचं, गाडी बाहेर काढायची, अंगणातल्या खडीवर वळवायची, उलटी आत घालायची आणि सगळं पुन्हा. दोन-अडीच तास. घड्याळात एक वाजला होता, आणि चारला ट्रूडीकडे पोचायचं होतं. बाहेर रिपरिप चालू होती. इतक्या आठवड्यांच्या वैतागानं त्याची पाठ भरून आली होती, आणि अकरा हा आकडा इतका गोड होता. कारखान्यातून निघताना गाडी दोन्हीकडून सारखीच निघते, असं तो मनाशी म्हणाला. मग त्यानं पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं: डावी बाजू, वरीलप्रमाणे.

हे लिहिताना त्याचा हात थांबला नाही. मला त्याचा राग येतो तो इथं.

“दोन्हीकडं बघितलंस ना?” ट्रूडीनं टायर मशीनवर ठेवताना विचारलं. “एकदा चढवला की माझ्याकडे रडत यायचं नाही.”

“ट्रूडी, तू कुणाशी बोलतेयस?”

“बरं बाबा, देवाशी बोलतेय.” आणि तिनं टायर चढवले. जुनी चाकं लॅमर तिथूनच घेऊन गेला.

घरी येताना धान्याच्या कोठाराजवळ रस्ता उजवीकडे वळतो. तिथं ऑर्व्हिलनं हौसेनं जरा पाय दाबला. गाडी डाव्या कुशीवर झुकली आणि मागून आवाज आला: खर्रर. खडा असेल, तो म्हणाला. पुढच्या उजव्या वळणाला पुन्हा खर्रर. दुसरा खडा. घरी पोचून त्यानं टॉर्च आणला, गुडघे टेकले आणि डाव्या मागच्या टायरच्या खांद्यावर चकचकीत रेघ पाहिली. फेंडरच्या काठाचा लाल रंग उडून खालचा पत्रा दिसत होता.

त्याला कारण शोधावं लागलं नाही, हेच जास्त लागलं. ह्या गाडीचा मागचा धुरा एका आडव्या दांड्यानं जागेवर धरलेला असतो, एक टोक धुऱ्याला, एक बॉडीला. गाडी खाली बसवली की तो दांडा धुऱ्याला डावीकडे ढकलतो. एप्रिलमध्ये त्यानं आखूड स्प्रिंगा घालून गाडी दीड इंच खाली घेतली होती. धुरा सहा मिलिमीटर सरकला होता. उजवीकडे सहा वाढले, डावीकडे सहा कमी झाले. उजवीकडे अकरा दिसत होते ते ह्याच सहाच्या जिवावर, आणि डावीकडे एकही शिल्लक नव्हता. हेच प्रवचन तो क्लबातल्या प्रत्येक नवख्याला देत आला होता: गाडी खाली घेतलीत ना, मग धुरा मधोमध आणणारा दांडा घाला आणि दोन्ही बाजू मोजा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

गुरुवारी त्यानं तीन जिल्ह्यांत फोन केले. लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा कुणाकडेच नव्हता. एकाकडे सोमवारी येणार होता.

“सोमवारी मी त्याचं काय करू? त्यानं पानं गोळा करू?” असं ओरडून त्यानं फोन ठेवला. त्या माणसाचा काही दोष नव्हता.

शुक्रवारी त्यानं गरम हवेचा पंखा आणि बेसबॉलची जुनी बॅट काढली. फेंडरचा काठ तापवायचा, टायर आणि काठाच्या मध्ये बॅट घालायची आणि गाडी हळूहळू ढकलायची. बॅट लाटण्यासारखी फिरते आणि काठ वर वळतो. नोरीन गाडी ढकलत होती, तो बॅट धरून होता, दोघं एकमेकांवर ओरडत होते.

“हळू! हळू म्हणतोय!”

“हळू म्हणजे किती? आकडा सांग!”

रंगाला बोटभर तडा गेला. मिळाले तीन मिलिमीटर. त्यानं कोठाराजवळच्या वळणावर जाऊन पाहिलं. खर्रर होतं ते खस्स झालं, पण गेलं नाही. टायर काही दगडाचा नसतो, जोरात वळलं की तो कुशीत फुगतोच.

“लॅमरला फोन कर,” नोरीन म्हणाली. “तुझीच चाकं आहेत. एका दिवसापुरती मागून घे.”

“त्याचाही शेवटचा शनिवार आहे.”

“मग सांग तरी त्याला.”

“काय सांगू? ऑर्व्हनं एकच बाजू मोजली, असं सांगू?”

ती म्हणाली, “फ्रीझर हलवायला मी कधी नाही म्हटलं नव्हतं हं.” हे त्याला झोंबलं, कारण ते खरं होतं.

शनिवारी लख्ख ऊन पडलं होतं. वीस मैलांचा रस्ता त्यानं एकतीस मैलांनी कापला, कारण उजवी वळणं टाळत गेला. शेजारी नोरीन मांडीवर पिएरोगीचा डबा घेऊन बसली होती. ट्रॅकवर सगळा क्लब लोटला होता. सफरचंदाचा गरम रस, डोनट, जुने फोटो, जो तो एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होता. ऑर्व्हिलला कुणाकडे बघवत नव्हतं.

तपासणीच्या रांगेच्या टोकाला लॅमर टिब्स कागद घेऊन उभा होता. ऑर्व्हिलनंच त्याला ह्या कामात तयार केलं होतं. सहा वर्षांपूर्वी हाच लॅमर फ्लिंटहून दोन तास गाडी हाकत पहिल्यांदा आला होता, शेजारी आईला बसवून. म्हातारी पोराला पळताना बघायला चर्चची टोपी घालून आली होती. ऑर्व्हिलनं पुढच्या टायरवर नखाएवढी खूण पाहिली आणि चौदाव्या कलमावर फुली मारली. मायलेक आल्या पावली परत गेले. वर्षभर लॅमर त्याच्याशी बोलला नाही. मग एक दिवस उघडं चाक आणि पुठ्ठा घेऊन त्याच्या दारात उभा राहिला. म्हणाला, “आई म्हणते, तो खडूस म्हातारा बरोबर होता.”

लॅमर आता लाल गाडीभोवती फिरला. ब्रेक, पट्टे, बॅटरी, चाकांचे नट. डाव्या मागच्या चाकापाशी वाकला, टायरवरून बोट फिरवलं आणि तसाच थांबला. फेंडरचा तडा त्याच्या डोळ्यांसमोर होता. मग उठून बोट पँटला पुसलं.

“धूळ आहे,” तो म्हणाला. “जा आत.”

“धूळ चमकते का रे?”

“माझा चष्मा गाडीत राहिलाय, म्हाताऱ्या. मला दिसत नाही. जा ना आत!”

“चष्मा तुझ्या खिशात आहे.”

मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. लॅमर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “शेवटचा दिवस आहे, ऑर्व्ह. उद्यापासून हा कागद चुलीत घालायचाय. कोण विचारणार आहे?”

ऑर्व्हिलला जायचं होतं, जिवापाड जायचं होतं. त्यानं ट्रॅकच्या फाटकाकडे पाहिलं, मग लॅमरकडे पाहिलं, आणि त्याला ती टोपी आठवली. त्यानं लॅमरच्या हातातून कागद ओढून घेतला, चौदाव्या कलमावर फुली मारली आणि खाली सही केली.

“तुझ्या आईला काय सांगशील नाहीतर?” तो म्हणाला, आणि गाडी रांगेतून बाहेर काढली.

सकाळभर तो कुंपणाला टेकून उभा होता. गाड्या सातव्या वळणातून बाहेर पडायच्या आणि तो प्रत्येकीची मागची चाकं बघत राहायचा. चौघा-पाचांनी येऊन विचारलं, काय झालं? प्रत्येकाला त्यानं सगळं सांगितलं, फ्रीझरसकट, वरीलप्रमाणेसकट. काही हसले. त्यांचा हक्कच होता. नोरीननं पुढं केलेला पिएरोगी त्यानं हातात धरला आणि तसाच थंड होऊ दिला.

दुपारी तीनला लॅमर निळी गाडी घेऊन त्याच्या शेजारी येऊन थांबला. खाली उतरला, जॅक काढला आणि न विचारता स्वतःच्याच गाडीची चाकं सोडायला लागला.

“काय करतोयस?”

“माझ्या दोन पाळ्या झाल्या. शेवटची चारला आहे. ती तू घे.”

“तुझी शेवटची आहे ती.”

“ऐक, ही चाकं तुझीच आहेत, टायरही तुझेच, अजून चांगले आहेत. मला काही दोन मिनिटं फोडायची नाहीत. मी दोन मिनिटं नऊ सेकंदवाला माणूस, मी सुखी आहे. आता पाना धरतोस की नोरीनला बोलावू?”

ऑर्व्हिलनं पाना घेतला. “नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीनं गोल नाही,” तो खेकसला. लॅमर हसला. पाऊण तासात चाकं बदलली. लॅमरनं नवा कागद काढला, गाडी पुन्हा पहिल्यापासून तपासली आणि ह्या वेळी बोट फिरवून चारही टायर ऑर्व्हिललाच दाखवले.

वीस मिनिटांची पाळी. पहिल्या फेऱ्या टायर तापवण्यात गेल्या. मग ऑर्व्हिल जो सुटला तो असा, की कुंपणावरच्या माणसांनी गप्पा थांबवल्या. इतक्या वर्षांत त्यानं कधी अशी गाडी चालवली नव्हती. ब्रेक जिथं हवा तिथं, वळणाचं टोक बोटानं शिवावं तसं शिवलेलं. सातव्या वळणात मागची चाकं सुटणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं पाय लोण्यावर ठेवल्यासारखा ठेवला. ती सुटली, पण किंचितच. शेवटच्या फेरीत सरळ रस्त्यावर येताना त्याला आत कुठंतरी खात्री वाटली: ही ती. झेंडा पडला.

तो गाडी उभी करून उतरला तेव्हा लॅमर वेळा लावतात त्या खोलीच्या खिडकीशी उभा होता. नोरीनही तिथंच होती. लॅमरनं कागदाच्या पाठीवर काहीतरी लिहिलं आणि कागद छातीशी धरून ठेवला.

“दाखव.”

“चांगली चालवलीस, ऑर्व्ह. देवाशपथ, अशी मी कधी...”

“लॅमर, दाखव.”

कागदावर दोन ओळी होत्या. वर: आजवरची उत्तम फेरी, दोन मिनिटं चार दशांश. खाली: आजची उत्तम फेरी. त्यापुढं आकडा लिहायला लॅमरचा हात धजावला नव्हता. त्यानं लिहिलं होतं, वरीलप्रमाणे.

ऑर्व्हिलनं ते दोनदा वाचलं. अकरा इंची चाकं तिथं गवतावर पडली होती, कोरी, बरोबर रंगाची. पलीकडे कामगार कुंपणावरचे फलक काढायला लागले होते. त्याला रडू येत होतं आणि कुणाला तरी बडवावंसं वाटत होतं, आणि बडवण्याजोगा माणूस तिथं एकच होता.

“पेन दे,” तो म्हणाला.

त्यानं तो शब्द खोडला, एकदा नाही, तीनदा, कागद फाटेपर्यंत. मग त्याच्या शेजारी, कारखान्यातल्या वहीत लिहायचा तशा अक्षरात, पूर्ण आकडा लिहिला: दोन मिनिटं, चार दशांश.

“हे मोजलेलं आहे,” तो लॅमरला म्हणाला. “मोजलेलं असलं की लिहायचं.”

मग तो गवतावरची चाकं उचलायला वाकला, आणि नोरीननं दुसऱ्या बाजूनं हात लावला.